कापडी तंबूत सिंह का शिरत नाही?

प्रश्न : नातवाबरोबर टीव्हीवर आफ्रिकेचा कार्यक्रम बघत होतो. झांबेझी नदीच्या काठावर चार माणसं तंबू ठोकून निवांत झोपलेली. रात्री पाणघोडा तंबूला घासून गेला, सकाळी दारात सिंहाच्या पावलांचे ठसे. कुणाला काही झालं नाही. आता नातू हट्ट धरून बसलाय, दिवाळीच्या सुट्टीत आपणही खानापूरच्या रानात म्हादईच्या काठी तंबू टाकायचा. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. सिंहाला एवढंसं कापड फाडता येत नाही होय? आणि आमच्याकडं असं राहता येतं का?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : फाडता येतं की. सिंहाचा एक पंजा पुरे. हत्तीने मनात आणलं तर तंबू, खाट आणि आतला माणूस यांत त्याला काही फरक पडणार नाही. तंबू जनावराला अडवत नाही. जनावर आपण होऊन थांबतं. ते का थांबतं हे कळलं, की आफ्रिकेतले नियमही उमगतात आणि खानापूरच्या रानात कसं वागावं तेही.

आधी ते थांबलं नाही तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपलीच माणसं आहेत. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. १८९८ साली केनियातल्या त्सावो नदीवर पुलाचं काम निघालं आणि मजुरांचे तंबू रानात लांबवर पसरले. जॉन हेन्री पॅटर्सन हा इंजिनिअर मार्चमध्ये कामावर रुजू झाला आणि थोड्याच दिवसांत आयाळ नसलेल्या दोन सिंहांनी माणसं उचलायला सुरुवात केली. उंगन सिंग नावाच्या जमादाराला सिंहाने तंबूतून ओढून नेलं, तेव्हा त्याच तंबूत आणखी माणसं झोपलेली होती. जमादार दाराच्या सर्वांत जवळ होता, आणि दार उघडं होतं. पुढे काटेरी कुंपणं घातली, रात्रभर जाळ केले, डबे बडवले. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी मजूर चालत्या गाडीसमोर रुळांवर आडवे झाले, गाडी थांबली तशी मिळेल त्या डब्यात चढले आणि मोंबासाकडं पळाले. काम तीन आठवडे बंद पडलं. डिसेंबरमध्ये पॅटर्सनने दोन्ही सिंह मारले.

बळी किती गेले? पॅटर्सनने पुढं १३५ आकडा सांगितला. २००९ साली संशोधकांनी त्या सिंहांच्या केसांचा आणि हाडांचा रासायनिक अभ्यास करून त्यांच्या खाण्यात माणसाचा वाटा किती होता ते काढलं. त्यांचा अंदाज ३५ च्या आसपास आला. शिकारी माणसाच्या आकड्यांना चारने भागायची सवय ठेवावी, असं माझं जुनं मत आहे. सिंहांची कातडी १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली. पेंढा भरलेले ते दोघं तिथं अजून उभे आहेत.

पण त्सावो हा अपवाद होता, आणि त्याला कारणं होती. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतली गुरं आणि रानम्हशी झपाट्याने मेल्या, सिंहांचं नेहमीचं भक्ष्य संपलं. एका सिंहाचा सुळा मोडून मुळाशी सडला होता, त्याला धडधाकट रेडा धरणं अवघड होतं. त्याच वाटेवरून तांडे जात आणि वाटेत मेलेली माणसं तिथंच टाकली जात. अशा ठिकाणी माणसाच्या मांसाची चटक लागणं नवलाचं नाही.

एरवी जनावराच्या मनात माणसाबद्दल काय असतं, याचा एक सुंदर प्रयोग दक्षिण आफ्रिकेत क्रूगरच्या रानात झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणवठ्यांवर कॅमेरे आणि ध्वनिक्षेपक बसवले. जनावर पाण्यावर आलं की कधी सिंहाची गुरगुर ऐकवायची, कधी कुत्र्यांचं भुंकणं, कधी बंदुकीचा बार, आणि कधी माणसांचं साधं, शांतपणे चाललेलं बोलणं. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसांच्या गप्पा ऐकून जनावरं पळून जाण्याचं प्रमाण दुप्पट निघालं, आणि पाणवठा सोडायचा वेगही जास्त. हत्ती, गेंडा, जिराफ, बिबट्या, जवळजवळ सगळ्या जातींची हीच तऱ्हा. म्हणजे रात्री तंबूत तुम्ही सिंहाच्या भीतीने श्वास रोखून पडलेले असता, तेव्हा बाहेर सिंहही फारसा निर्धास्त नसतो.

त्यात तंबूची भर पडते. शिकारी जनावर भक्ष्य ओळखतं ते आकारावरून, हालचालीवरून, पळण्यावरून. बंद तंबू हा त्याच्या लेखी एक अनोळखी ढेकूळ. त्याला पाय नाहीत, तो पळत नाही, आणि त्याला माणसाचा वास येतो. तो टाळून बाजूने जाणं हेच शहाणपणाचं. मात्र दाराची चेन उघडी राहिली, हात किंवा डोकं बाहेर आलं, की ढेकळाचं पुन्हा भक्ष्य होतं. उकडतंय म्हणून नुसत्या मच्छरदाणीत उघड्यावर झोपलेल्या पाहुण्यांना आफ्रिकेत सिंहांनी आणि तरसांनी ओढल्याच्या घटना आहेत. उंगन सिंगचं उघडं दार आठवा.

तुम्ही टीव्हीवर पाहिलंत तसं ठिकाण म्हणजे झिंबाब्वेतलं माना पूल्स. झांबेझीच्या काठी, कुंपणाशिवाय. १९८४ पासून जागतिक वारसा. तिथं लोक बेधडक राहतात असं कॅमेऱ्यात दिसतं, पण त्यामागं शिस्त असते. अंधार पडला की तंबूतून बाहेर पडायचं नाही, लघवीला सुद्धा. खाणं तंबूत ठेवायचं नाही. संत्री-मोसंबी तर आणायचीच नाहीत, कारण हत्तींना तो वास पाठ झालाय आणि संत्र्यासाठी ते गाडीचं दार उचकटतात. चपला-बूट बाहेर ठेवले तर तरस घेऊन जातो. चामडं त्याला खाऊच वाटतं.

आणि पाणघोडा. तो गवत खातो म्हणून लोक त्याला गरीब समजतात. दीड टनाचं हे जनावर दिवसभर पाण्यात पडून राहतं आणि रात्री काठावर येऊन ३०-४० किलो गवत फस्त करतं. येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या वापरून खोल झालेल्या. त्याच्या आणि पाण्याच्या मधे कुणी आलं, की तो थांबत नाही. माणसापेक्षा जोरात पळतो आणि जबडा घालतो. तिथले वाटाडे तंबू टाकायच्या आधी पाण्याकडं पाहत नाहीत, जमिनीकडं पाहतात. वाट कुठली, लीद कुठं पडलीय, गवत कुठं खुरटलंय. ती वाट सोडून बाजूला तंबू टाकला तर पाणघोडा तुम्हाला घासून जाईल, पण तुडवणार नाही.

आता आपल्याकडं येऊ. नदीकाठी, रानात, जनावरांच्या शेजारी रात्र काढणं हे आपल्याकडं नवीन नाही. निपाणी-चिकोडी भागातले धनगर हेच करत आलेत, आणि तंबूशिवाय. वेदगंगा-दुधगंगेच्या काठच्या शिवारात मेंढरं बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. वाघर लावून कळप आत, कुत्री बाहेर, आणि माणूस घोंगडं पांघरून कळपाच्या कडेला. लांडगा येतो तो कोकरासाठी. धनगर कुठल्या बाजूला झोपतो, कुत्री कुठं बांधतो, वारा कुठून आहे ते का बघतो, हे नातवाला एखाद्या वाड्यावर नेऊन दाखवा. अप्पाचीवाडीच्या यात्रेला भाकणूक ऐकायला जाणाऱ्यांत असं सांगणारी म्हातारी माणसं हमखास भेटतील. टीव्हीपेक्षा ते शिक्षण चांगलं.

फक्त धनगराची एक गोष्ट उचलू नका. कुत्रं. कळपाला कुत्रं राखण करतं, पण सहलीच्या तंबूजवळ बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. बिबट्या आपल्याशेजारी राहतो हे बेळगावकरांना सांगायला नको. ५ ऑगस्ट २०२२ ला जाधवनगरमध्ये एका गवंड्याला जखमी करून तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. भोवतालच्या शाळा बंद झाल्या, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून शिकवलेले हत्ती आणले, ड्रोन उडवले, आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस तो सगळ्यांना चकवत राहिला. त्याला माणूस खायचा असता तर शहराच्या मध्यावर माणसांना काय तोटा होता?

खानापूरच्या रानात, म्हणजे भीमगड अभयारण्यात आणि त्याच्या भोवताली, बिबट्या आहे, वाघाचाही वावर आहे, गवे आहेत, आणि दांडेलीकडून येणारे हत्ती आहेत. पण माझं ऐकाल तर या सगळ्यांपेक्षा अस्वलाला जपा. वाघ तुम्हाला तुमच्या आधी बघतो आणि निघून जातो. अस्वल वारूळ उकरण्यात नाक खुपसून बसलेलं असतं, त्याला कुणाची चाहूल लागत नाही. माणूस एकदम अंगावर आला की ते घाबरतं आणि थेट तोंडावर धावतं. खानापूर तालुक्यात शेतावर जाणाऱ्या, काजू-लाकडाला गेलेल्या माणसांवर अस्वलाने हल्ले केल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. पहाटे-तिन्हीसांजेला रानात चालायचं झालं तर बोलत चाला. फणस पिकायच्या दिवसांत फणसाखाली तंबू नको. त्या वासावर हत्ती आणि अस्वल दोघंही येतात.

खरी काळजी मात्र मला याहून लहान जनावरांची आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. वाघ-बिबट्या-हत्ती सगळे मिळून त्याच्या जवळपासही येत नाहीत. सापांतला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. दंश इतका हलका की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. इथं तुमचा तो एवढासा तंबू खरोखर उपयोगी पडतो. तळ शिवलेला, चेन शेवटपर्यंत ओढलेली असेल तर मण्यार आत येत नाही. जे कापड सिंह फाडू शकतो, ते सापाला पुरतं. साप चावल्याची शंका आलीच तर मांत्रिक, चिरा, दोरी यांत वेळ न घालवता थेट मोठं सरकारी इस्पितळ.

दुसरी गोचीड. शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये सापडलेला माकडताप आता घाटाच्या कडेने वर सरकलाय. गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला त्याचे रुग्ण निघाले. दोन्ही ठिकाणं खानापूरच्या पलीकडच्या उताराला. त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला तंबूचा हंगाम. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यात खोचलेली विजार, आणि मेलेलं माकड दिसलं तर तिथून निघायचं.

तिसरं पाणी. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही खानापूर तालुक्याच्या डोंगरात उगवतात. वर ढग फुटला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. काळी नदीवर तर पाऊसही लागत नाही, सुपा धरणातून वीजनिर्मितीला पाणी सोडलं की पात्र भरतं. वाळूवर तंबू देखणा दिसतो, फोटोही छान येतो. टाकावा मात्र काठ चढून वर.

राहिला परवानगीचा प्रश्न. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग रात्र काढणं दूरच. म्हादईचा तुमच्या नातवाला हवा तो काठ बहुतेक त्या हद्दीतच पडतो. तेव्हा तंबू हवाच असेल तर हेम्मडगा-जांबोटी बाजूला वनखात्याची किंवा त्यांच्या मान्यतेची निसर्ग शिबिरं आहेत, तिथं चौकशी करा. जागा त्यांनी निवडलेली, वाटाडा गावचा. दिवाळीला पाऊस नुकताच थांबलेला असतो, त्यामुळे जळवांसाठी मीठ-तंबाखू न्या. निपाणीकराला तंबाखू कुठं मिळते हे मी काय सांगणार.

प्रश्न : आमच्याकडं कृष्णेत सुसरी वाढल्यात. नदीकाठी झोपलं तर रात्री तंबूत येते का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : तंबूत घुसून माणूस नेणं ही आपल्या मगरीची, म्हणजे तुम्ही सुसर म्हणता तिची, रीत नाही. ती हल्ला करते तो पाण्यातून, पाण्याच्या कडेला वाकलेल्यावर. धुणं धुणारी, पोहणारी, मासे धरणारी, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला उतरलेली माणसं. भिलवडी-औदुंबर भागात झालेल्या हल्ल्यांची तऱ्हा हीच होती. दांडेलीला काळी नदीत २०२१ मध्ये एक मुलगा गेला, तोही गळ टाकून काठावर बसला होता. म्हणून भीती झोपेची नाही, पहाटे तोंड धुवायला गेलेल्या क्षणाची. रोज एकाच घाटावर, एकाच वेळी पाण्याला जाऊ नका; मगर वाट बघणारं जनावर आहे आणि तिला वेळ पाठ होते. पाणी बादलीने, दोरी लावून, वरून काढा.

जमिनीवर ती येते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा लांबवर येते. डबकं आटलं की दुसऱ्या पाण्याच्या शोधात रात्री चालत जाते. पूर आला तर विचारूच नका : ऑगस्ट २०१९ मध्ये रायबाग तालुक्यात बुडालेल्या घराच्या छपरावर मगर बसलेली सगळ्या देशाने पाहिली. थंडीत दुपारी ती काठावर उन्हाला पडते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठाच्या वाळूत, मातीत अंडी घालते, आणि पावसाच्या तोंडाशी पिल्लं निघेपर्यंत मादी घरट्याच्या आसपास असते. त्या दिवसांत ती एरवीपेक्षा तापट. काठाचा चिखल नीट बघितला की पोट घसटत गेल्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना पावलांचे ठसे दिसतात. तिथं तंबू नाही, आंघोळ नाही, मासे धुणं तर मुळीच नाही.

मगरी वाढल्या की आपण त्यांच्या जागेत वाढलो, हाही हिशेब कुणीतरी मांडायला हवा. ऊस पार पाण्याला भिडला, वाळू उपसून नेली. ऊन खायला आणि अंडी घालायला तिला राहिलेली जागा आणि आपला धुण्याचा घाट आता एकच आहे.

प्रश्न : शेकोटी पेटवली की झालं ना? जाळाला सगळीच जनावरं भितात.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सगळी नाही. त्सावोच्या सिंहांनी जाळ ओलांडून माणसं नेली. आफ्रिकेत तरस विझत आलेल्या शेकोटीशी येऊन हाडं चघळतात, तव्याची कडा चाटतात. हत्तीला पिकाची चटक लागली की मशाली आणि फटाकेही त्याला काही काळाने सवयीचे होतात, हे चंदगड-दोडामार्गच्या शेतकऱ्यांना विचारा. शेकोटीचा फायदा दुसराच : तिच्याभोवती माणसं जागी असतात, बोलत असतात, आणि जनावर खरं त्या बोलण्याला दबतं. म्हणजे भिस्त जाळावर नाही, गप्पांवर.

तोटा मात्र मोठा. जानेवारीनंतर आपल्याकडचं रान वाळून कोळ होतं. एक ठिणगी उडाली तर डोंगर जळतो, आणि वनखातं त्या दिवसांत आगीला परवानगी देत नाही ते त्यासाठीच. परवानगी दिलेल्या जागी शेकोटी पेटवायचीच असेल तर मोकळ्या मातीवर, छोटी, आणि झोपायच्या आधी बादलीभर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओता. स्वयंपाक तंबूपासून लांब करा, खरकटं पुरू नका तर बांधून परत आणा. पुरलं तर रानडुक्कर ते उकरतं आणि मग डुक्कर तुमच्या दाराशीच असतं. रात्री बाहेर पडावंच लागलं तर आधी बॅटरीने चहूकडं बघा. दोन चमकणारे डोळे दिसले तर धावू नका, उजेड त्यांच्यावर ठेवून मागं मागं सरकत तंबूत या आणि चेन ओढा.